टॉप फ्लोअरचा उकाडा : गच्चीच्या स्लॅबवर नेमकं काय करून घ्यावं?

चौथामजला · ११ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली सोसायटी आहे, १९८७ ची, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर. दुपारी घरात बसवत नाही हे तर झालंच, पण खरा वैताग संध्याकाळी सातनंतर सुरू होतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि स्टुलावर चढून छताला हात लावला तर चांगलं गरम लागतं. पंखा लावला की झळ अंगावर. एसी मध्यरात्रीपर्यंत चालू, तरी गादी गरमच.

यंदा कमिटी गच्चीचं काम काढणार आहे, कारण गेल्या पावसात वरच्या दोन फ्लॅटमध्ये ओल उतरली. त्याच कामात उकाड्याचंही काहीतरी होऊन जावं अशी माझी इच्छा. तीन ठेकेदार येऊन गेले आणि तिघांचं तीन तऱ्हेचं. एक म्हणतो आहे त्याच कोब्यावर नवा ब्रिकबॅट कोबा घालू, गळती आणि गरमी दोन्ही जाईल. दुसरा पांढरा 'हीट प्रूफ' रंग मारायचं म्हणतो, घर १५ डिग्रीने थंड होईल अशी हमी देतो. तिसऱ्याला सगळ्या गच्चीवर पीयूएफ फोमचा (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फेस) फवारा मारायचाय. आमचे मेहुणे म्हणतात सोसायटीच्या भानगडीत पडू नका, घरात फॉल्स सीलिंग करा आणि वर थर्माकोल भरा.

जाणकारांनी कृपया सांगावं. सभा या महिनाअखेर आहे.

रिकामटेकडा_दादर · ११ एप्रिल, रात्री १०.५५

सोपा उपाय: तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याशी फ्लॅट बदलून घ्या. मग त्यांना धागा काढू दे.

(रुमाल टाकून ठेवतो, आमचीही हीच रड आहे.)

खडीसिमेंट · ११ एप्रिल, रात्री ११.२०

सिव्हिलमध्ये आयुष्य गेलंय म्हणून लिहितो. माल निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. गच्चीवर आत्ता कोब्याचे किती थर आहेत? आणि स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का?

दुसरा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारत नाही. इमारत तीस वर्षांवरची आहे, म्हणजे मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब खाली ऑडिट बंधनकारक आहे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणेही तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी ते करायचं असतं. झालं असेल तर रिपोर्ट काढा आणि गच्चीच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते बघा. सळया गंजून सिमेंटचे पोपडे सुटत असतील तर फोम, रंग वगैरे गप्पा नंतर.

चौथामजला · १२ एप्रिल, सकाळी ८.१०

खडीसिमेंट, धन्यवाद. जुन्या सेक्रेटरींना विचारलं. बिल्डरचा मूळ कोबा आहेच, त्यावर पंधरा-वीस वर्षांपूर्वी आणखी एक घातला. ऑडिट झालंय. गच्चीच्या स्लॅबला 'दुरुस्तीयोग्य' असा शेरा आहे, दोन ठिकाणी सळया उघड्या पडल्यात.

खडीसिमेंट · १२ एप्रिल, सकाळी ९.०५

मग पहिलं कोटेशन आजच बाजूला ठेवा.

ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट. सरासरी साडेचार इंचांचा थर धरला तर चौरस फुटाला साधारण २० किलो वजन येतं. सहाशे फुटांच्या एका फ्लॅटच्या डोक्यावर एका थराचे १२ टन झाले. तुमच्याकडे दोन थर आहेत, तिसरा घालून ३६ टन करायचेत का? जिथे वावर असतो अशा सपाट गच्चीसाठी आपलं मानक, आयएस ८७५, माणसं-सामानाचा जो भार धरायला सांगतं तो चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. कोब्याचा जादा थर एकटाच त्यापेक्षा जड आहे, आणि माणसं घरी जातात, कोबा कायमचा तिथेच बसतो. मुंबईत कोब्यावर कोबा, त्यावर चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर), त्यावर पुन्हा कोबा अशा गच्च्या मी ढिगाने पाहिल्यात. गळती थांबवायच्या नादात स्लॅब वाकवतात.

तरी कोब्याला नावं ठेवत नाही. ढाळ द्यायला आणि पाणी अडवायला तो चांगला आहे, नीट केला तर वीस वर्षं टिकतो. पण उष्णता अडवायला त्याचा उपयोग फार थोडा.

मास्तर_अंधेरी · १२ एप्रिल, सकाळी ११.३०

खडीसिमेंट यांच्या शेवटच्या वाक्यावर आकडे मांडतो. भौतिकशास्त्र शिकवतो, सवय जात नाही. कंटाळा आला तर पुढे सरका.

मुंबई साधारण १९ अंश अक्षांशावर. त्यामुळे मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. जुलैअखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. उन्हाळ्यात भिंतींपेक्षा गच्चीच कितीतरी जास्त ऊन खाते ती यामुळे. भर दुपारी चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. जुना काळपट कोबा त्यातलं ७० टक्के शोषतो असं धरा. हवा ३३ अंश असली तरी गच्ची ६० च्या घरात जाते. तीच गच्ची पांढरीशुभ्र असेल आणि ३० टक्केच ऊन शोषत असेल तर ४३-४५ वर थांबते.

आता आत किती येतं ते. नुसत्या सहा इंची स्लॅबचा 'यू' आकडा साडेतीनच्या आसपास. याचा अर्थ आत-बाहेर एक अंशाचा फरक असेल तर चौरस मीटरमधून साडेतीन वॅट झिरपतात. वर ६० आणि खोलीत ३० असेल तर शंभराहून जास्त वॅट. १२० फुटांची बेडरूम म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे छतातून अकराशे वॅट. एसीचा एक टन म्हणजे ३५०० वॅट. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकटं छत खातंय.

पांढरं केलं तर हे निम्मं होतं, पन्नासच्या आसपास. पांढरं न करता ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारे, बंद कप्प्यांच्या पॉलिस्टायरीन फोमचे कडक बोर्ड) घातलं तर 'यू' साडेतीनवरून ०.५ वर येतो आणि झिरपणारे वॅट पंधरा. दोन्ही केलं तर सात-आठ. आणि कोबा? चार इंच कोबा उष्णतेला जेवढा अडवतो तेवढं काम एक्सपीएसचे चार मिलिमीटर करतात.

नव्या घरांसाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छताचा 'यू' १.२ च्या वर नको असं आहे. आपली जुनी छतं त्याच्या दुप्पट-तिप्पट.

हे सगळं ढोबळ आणि ऐन दुपारचं. चौथामजला यांच्याकडे दोन कोबे आहेत म्हणून त्यांचा आकडा थोडा कमी असेल, पण तेवढं जाड वस्तुमान तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. दुपारचं ऊन त्यांना संध्याकाळी सात वाजता पोचतं ते त्याचमुळे.

सावली_ठाणे · १२ एप्रिल, दुपारी १.१५

मास्तर, छान समजलं. म्हणजे तो १५ डिग्रीवाला ठेकेदार खरं बोलतोय की काय? ६० चे ४५ झालेच की.

मास्तर_अंधेरी · १२ एप्रिल, दुपारी १.४०

गच्चीच्या फरशीबद्दल खरं बोलतोय, घराबद्दल नाही. हे लोक लेझरची बंदूक फरशीवर धरून आकडा दाखवतात. खोलीतली हवा १५ अंशांनी उतरली तर मे महिन्यात मुंबईकर स्वेटर घालून बसतील. खोलीत हवेचा फरक दोन-चार अंशांचाच असतो, पण छत तापलेलं नसल्यामुळे वरून अंगावर येणारी झळ जाते आणि माणसाला त्याहून खूप जास्त बरं वाटतं. तापलेलं छत उष्णता सरळ तुमच्या अंगावर फेकतं, मधली हवा कितीही हलवा.

आणखी एक. 'इन्सुलेशन रंग' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. अर्धा मिलिमीटर रंग उष्णता अडवून धरत नाही, तो ऊन परतवतो. म्हणून विचारायचं ते परावर्तन किती, आणि धूळ बसल्यावर दोन वर्षांनी किती.

हिशेबनीस · १२ एप्रिल, दुपारी ३.००

वाचतोय. मी बोरिवलीतल्या एका सोसायटीचा खजिनदार. आम्ही पांढरा रंग केलाय, त्याबद्दल.

पहिल्या उन्हाळ्यात फरक सगळ्यांना कळला, अगदी कुरकुर करणाऱ्या पहिल्या मजल्यालाही (त्यांना कळण्यासारखं काही नव्हतं, पण ते असो). पावसाळ्यानंतर कठड्याच्या कडेने शेवाळ धरलं, शेजारी टॉवरचं बांधकाम चालू त्याची धूळ बसली, आणि गच्ची राखाडी झाली. आता दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा धुवून घेतो. मऊ ब्रशने, प्रेशर पंप मारला की रंग सोलून निघतो. दोन-तीन वर्षांनी एक हात पुन्हा द्यावा लागणार हे सभेत आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या कमिटीला शिव्या.

आणि ओल्या कोब्यावर रंग मारू देऊ नका. आत मुरलेलं पाणी उन्हात वाफ होऊन वर येतं आणि रंगाला पुरीसारखे फुगे येतात. गच्ची कोरडी झाल्यावर, म्हणजे डिसेंबर ते मे याच काळात.

माई_गिरगाव · १२ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

आमच्या वाडीत कौलं होती, मंगलोरी. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये कारखाना काढला, तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलांखाली लाकडी माळा, माळ्यावर अडगळ. ऊन पडायचं कौलांवर, गरम व्हायचा माळा, आणि कौलांच्या फटींतून ती हवा निघून जायची. खाली आम्ही दुपारचे झोपायचो. पंखासुद्धा खूप उशिरा आला. कौलं काढून स्लॅब टाकला तेव्हा काय अप्रूप वाटलं होतं सगळ्यांना!

माझा प्रश्न असा: स्लॅबवर तसंच काही करता येत नाही का? म्हणजे वर सावली आणि मध्ये मोकळी हवा.

खडीसिमेंट · १२ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

माई, येतं. अर्धी मुंबई तेच करतेय, फक्त चुकीच्या कारणासाठी. गच्चीवर लोखंडी सांगाडा आणि पत्र्याची शेड घालतात ती गळतीसाठी, पण उकाडा कमी होतो तो सावलीमुळे. चारी बाजू उघड्या असतील तर मधली गरम हवा वाऱ्याबरोबर जाते. उष्णतेच्या हिशेबाने उत्तम.

अडचणी तीन. महापालिकेची परवानगी लागते, ती न घेता घातली तर नोटीस येणार. सांगाड्याचे पाय स्लॅबमध्ये ड्रिल मारून बसवले तर तिथूनच नवी गळती. आणि वारा. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुठल्या कुठल्या गच्च्यांवरचे पत्रे रस्त्यावर आले होते. शेड घालायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वाऱ्याचा हिशेब करूनच, वेल्डरच्या अंदाजाने नको.

सोलर पॅनेलही सावलीच देतात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजारांचं अनुदान आहे. जिना, पंप, लिफ्टचं बिल उतरतं आणि पॅनेलखालचा स्लॅब थंड राहतो. पॅनेल सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी करा, स्लॅबला भोक नाही. आणि आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. उलटं केलं तर पुढच्या गळतीला सगळी पॅनेल उतरवावी लागतात.

पत्र्याखाली · १२ एप्रिल, रात्री ९.४५

इथे सगळे स्लॅबवाले दिसतायत. आमची भांडुपला टेकडीच्या बाजूला खोली आहे, वर साधा पत्रा. दुपारी बारा ते चार आई शेजारच्या देवळात जाऊन बसते. सोसायटी नाही, सभा नाही, पैसेही फार नाहीत. आम्ही काय करायचं?

मास्तर_अंधेरी · १२ एप्रिल, रात्री १०.२०

पत्र्याला वस्तुमान नाही, त्यामुळे ऊन आलं की मिनिटांत तापतो आणि सूर्य गेला की लगेच निवतो. तुमचा त्रास भर दुपारचा आहे, त्यावर स्वस्तात इलाज होतो.

आधी वरून पांढरा रंग. पत्रा घासून, गंज काढून, प्राइमर मारून. अहमदाबाद महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांमधली छतं चुन्याने पांढरी करायचा उपक्रम घेतला तो याच कारणासाठी. चुना सगळ्यात स्वस्त, पण मुंबईचा एक पावसाळा तो धुवून नेतो. दरवर्षी मार्चमध्ये मारायची तयारी असेल तर चुना, नाहीतर बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक पांढरा.

मग आतून. पत्र्यापासून इंच-दोन इंच जागा सोडून चकचकीत फॉइल ताणायची, आणि दोन्ही टोकांना हवा निघायला फट ठेवायची. गरम पत्रा वर आणि थंड खोली खाली असली की मधल्या हवेतून उष्णता मुख्यतः किरणांनीच उतरते, कारण गरम हवा वरच राहते. फॉइल तेच किरण अडवते. पण पत्र्याला चिकटवून टाकली तर चकाकीचा फायदा गेला, उष्णता सरळ फॉइलमधून खाली. दुकानदार बबलवाली फॉइल पत्र्याला चिकटवूनच देतात, ऐकू नका. चकचकीत बाजू एकच असेल तर ती खाली, मोकळ्या जागेकडे करा आणि खाली आणखी एक सीलिंग घ्या. तिच्यावर धूळ बसत नाही.

पत्र्याखाली · १२ एप्रिल, रात्री १०.५०

समजलं. आणि थर्माकोल? बाजूच्या खोलीवाल्याने लावलाय.

खडीसिमेंट · १२ एप्रिल, रात्री ११.०५

उंदीर पोखरतात, आणि आग लागली तर वितळून पेटतं ठिबकतं. खाली गॅसची शेगडी असलेल्या एका खोलीत उघडा थर्माकोल अजिबात नको. फॉइलखाली सीलिंग हवं असेल तर सिमेंट बोर्ड लावा.

तुमचा पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा? जुना सिमेंटचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं. घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका, धूळ फुप्फुसात जाते. वरून नुसता पाण्याचा हलका मारा करून रंग द्या. पुढेमागे पत्रा बदलायची वेळ आली तर मध्ये पीयूएफ भरलेली दुहेरी पत्र्याची सँडविच पॅनेल मिळतात. पावसाचा आवाजही निम्म्यावर येतो आणि पहाटे पत्र्याखालून टपटपणारा दमटपणाही थांबतो. फक्त छताची उंची वाढवू नका, नाहीतर वॉर्ड ऑफिस दारात.

पत्र्याखाली · १२ एप्रिल, रात्री ११.१०

लोखंडीच आहे. रविवारी रंगाचं बघतो. आभारी.

चौथामजला · १३ एप्रिल, सकाळी ७.५०

कोबा बाद झाला, कळलं. आता पीयूएफ की एक्सपीएस? आणि मेहुण्यांच्या थर्माकोल फॉल्स सीलिंगबद्दल कुणी बोललंच नाही. (आगीचं वाचून बायकोने त्यांना फोन केला. आता घरात ताण आहे.)

नाना_डोंबिवली · १३ एप्रिल, सकाळी ९.३०

पीयूएफबद्दल आमच्या इमारतीचा अनुभव. फवारा मारला, छान पिवळा फोम, पहिलं वर्ष स्वर्ग. वरचं कोटिंग ठेकेदाराने पातळ मारलं होतं. ऊन लागलं तिथे फोम तपकिरी होऊन भुगा व्हायला लागला, वर कावळे टोचतात. पाणी त्या खड्ड्यांत साचतं आणि खालून गळती कुठून हे शोधताही येत नाही, कारण फोम स्लॅबला घट्ट चिकटलेला. ठेकेदार फोन उचलत नाही.

खडीसिमेंट · १३ एप्रिल, सकाळी १०.४५

नानांनी सांगितलं ते तंतोतंत. पीयूएफ मिलिमीटरला मिलिमीटर तोलला तर सगळ्यात चांगला रोधक, वजन नगण्य, सांधे नाहीत. पण ऊन त्याचा शत्रू आणि सगळं काम फवारणाऱ्याच्या हातावर अवलंबून. शेडखाली किंवा पत्र्याखाली असेल तर मी पीयूएफच घेईन. माणसं चालतात, पापड वाळत घालतात, डिश अँटेनावाला चढतो अशा उघड्या गच्चीवर वर जाड थर असल्याशिवाय नको.

तुमच्यासाठी मी असं करेन. दोन्ही कोबे फोडून खाली उतरवायचे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत गोण्या जिन्याने उतरणार, महिनाभर सगळ्यांच्या शिव्या, डेब्रिजचा वेगळा खर्च. पण तुमच्या स्लॅबवरचं चौरस फुटाला ४० किलो ओझं जातं. उघड्या सळया साफ करून गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती. मग ढाळ, पाइपाच्या तोंडाकडे. त्यावर वॉटरप्रूफिंग, कठड्यावर फूटभर चढवून, कोपऱ्यात गोलाई देऊन. मग गच्चीत पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि खालच्या घरांत छत बघायचं. ही चाचणी झाल्याशिवाय पुढचं काही टाकू देऊ नका, कितीही घाई असो. ती पास झाली की ५० मिमी एक्सपीएसचे बोर्ड, सांधे खाचेत बसवलेले, वर जिओटेक्स्टाइलचं कापड, वर जाळी घालून दीड-दोन इंचांचं काँक्रीट, आणि शेवटी पांढरी फरशी किंवा चायना मोझॅक.

वॉटरप्रूफिंग इन्सुलेशनच्या खाली गेलं की त्याला ऊन लागत नाही, दिवसरात्र ताणलं-आकसलं जात नाही, म्हणून ते जास्त टिकतं. स्लॅबही तडकत नाही. घराच्या आतून इन्सुलेशन करण्यात हा फायदाच नाही. स्लॅब वर तापतच राहतो, आणि गळती सुरू झाली तर फॉल्स सीलिंगच्या मागे महिनोन्महिने दिसत नाही. दिसते तेव्हा सळई गेलेली असते. मेहुण्यांना सांगा, सोसायटी अजिबातच हलत नसेल किंवा भाड्याचं घर असेल तर आतून करा, पण जिप्समच्या वर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) घाला. रॉकवूल जळत नाही.

साधा थर्माकोल गच्चीवरही नको. मण्यांच्या मधून पाणी शिरतं. पावसाळ्यात सव्वादोन हजार मिलिमीटर पडणाऱ्या गावात ओलं झालेलं इन्सुलेशन म्हणजे इन्सुलेशन नाहीच. एक्सपीएसचे कप्पे बंद असतात.

सावली_ठाणे · १३ एप्रिल, सकाळी ११.३०

आमच्याकडे एसी नाही आणि लावायचाही नाही. इन्सुलेशन केलं तर रात्री घर निवणारच नाही असं ऐकलंय?

मास्तर_अंधेरी · १३ एप्रिल, दुपारी १२.१०

थोडं तथ्य आहे. कोरड्या प्रदेशात, विदर्भात समजा, रात्री आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, तिथे उघडा स्लॅब पहाटेपर्यंत चांगला निवतो. मुंबई-ठाण्यात मे महिन्यात रात्रही २७ च्या खाली क्वचित जाते आणि हवेतली वाफ ती उष्णता धरून ठेवते. त्यामुळे इथे तो तोटा लहान. तरी एसी नसेल तर पहिला पैसा पांढऱ्या रंगावर, कारण तो उष्णता आत येऊच देत नाही आणि रात्री स्लॅबला निवायलाही अडवत नाही. इन्सुलेशन त्यानंतर. आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या.

एसी रोज चालत असेल तर गणित उलटतं. तिथे इन्सुलेशनचे पैसे बिलातून वसूल होतात.

रिकामटेकडा_दादर · १३ एप्रिल, दुपारी १.००

गच्चीवर बाग केली तर? गारवा, वर वांगी-टोमॅटो.

खडीसिमेंट · १३ एप्रिल, दुपारी १.१५

ओल्या मातीचा सहा इंच थर चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो भरतो. वर १५० चा आकडा दिलाय, वजाबाकी तुम्ही करा. कुंड्या तुळयांवर, कठड्याच्या कडेने, स्टँडवर ठेवा आणि वांगी खा.

हिशेबनीस · १३ एप्रिल, दुपारी ४.२०

चौथामजला, सभेत पहिला प्रश्न कुठला येणार ते सांगतो: 'तुमच्या उकाड्यासाठी आम्ही का पैसे द्यायचे?'

गच्ची सामाईक मालमत्ता आहे आणि पावसाची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चातलं काम. वरच्या मजल्याने एकट्याने उचलायचा खर्च तो नव्हे. तेव्हा विषयपत्रिकेवर 'उष्णतारोधक' हा शब्द पहिला नको. 'गच्चीची गळती, स्लॅबची दुरुस्ती व संरक्षण' असा विषय, ऑडिट रिपोर्ट जोडून. एक्सपीएस हा वॉटरप्रूफिंगचं संरक्षण करणारा थर म्हणून त्यात येतो, आणि ते खोटंही नाही. तरी अडलं तर नुसत्या एक्सपीएसचा फरक तेवढा वरच्या मजल्यांनी वाटून घ्यायची तयारी दाखवा. आमच्याकडे त्यावर विषय सुटला होता.

दुसरा प्रश्न: 'रिडेव्हलपमेंट येतंय, कशाला खर्च?' करारावर सह्या झाल्या असतील तर खरंच मोठं काम काढू नका. ओल थांबवा, पांढरा रंग मारा, दिवस काढा. नुसतीच चर्चा चालू असेल तर ती पुढची दहा वर्षंही चालू राहू शकते.

पैसे देताना पाणी भरायच्या चाचणीनंतरचा हप्ता वेगळा ठेवा, आणि एक हिस्सा पावसाळा संपेपर्यंत हातात राखा. कोटेशनमध्ये 'इन्सुलेशन' एवढंच लिहिलेलं चालणार नाही. जाडी, घनता, उष्णतावाहकता हे तिन्ही आकडे लेखी हवेत.

खडीसिमेंट · १३ एप्रिल, संध्याकाळी ५.००

अनुमोदन. आणि माल आला की तपासा. एक्सपीएसची घनता घनमीटरला ३२ किलो लिहिली असेल तर ५० मिमी जाडीचा, सव्वा मीटर बाय साठ सेंटिमीटरचा बोर्ड १.२ किलो भरला पाहिजे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर होतं हे. पीयूएफ घेतलात तर ठिकठिकाणी दाभण खुपसून जाडी मोजा, पन्नास सांगून तीस मारतात.

चौथामजला · १४ एप्रिल, रात्री ९.१५

सर्वांचे आभार. कमिटीशी बोललो. कोबे फोडायचं म्हटल्यावर चेअरमन आधी खवळले, ४० किलोचा आकडा दाखवल्यावर गप्प झाले. पण जूनच्या आत एवढं सगळं होणार नाही हे उघड आहे. मग पावसाळ्यापुरतं काय करू?

खडीसिमेंट · १४ एप्रिल, रात्री ९.४०

आत्ता कोबा फोडायला घेऊच नका, पहिल्या पावसात उघडा स्लॅब सापडला तर रडाल. या मे महिन्यात भेगा भरून घ्या, पाइपांची तोंडं साफ करा, कोरड्या गच्चीवर पांढरं कोटिंग द्या. हा उन्हाळा निम्म्यावर येईल. उघड्या सळयांची दुरुस्ती खालून, फ्लॅटच्या आतून, लगेच करा, ती थांबायची नाही. मोठं काम दिवाळीनंतर सुरू. सभेत दोन्ही टप्प्यांचा ठराव एकदमच करून घ्या.

चौथामजला · १४ एप्रिल, रात्री ९.५५

पटलं. आणखी काही राहिलंय का ठरावात घालायचं?

खडीसिमेंट · १४ एप्रिल, रात्री १०.२०

दोन गोष्टी, ज्या सगळे विसरतात. पाण्याच्या टाकीखाली बोर्ड जाणार नाहीत. तेवढा भाग खाली ज्याच्या घरात येतो त्याला आधीच सांगा, त्याचं छत तिथे गरमच राहणार.

दुसरं, जिन्याच्या दाराचा उंबरा. दोन्ही कोबे काढल्यावर पातळी खाली जाईल, मग ढाळ, बोर्ड, काँक्रीट, फरशी मिळून पुन्हा वर येईल. तयार गच्ची उंबऱ्यापासून निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, आणि पाइपांच्या तोंडाशी बोर्ड कापून खळगा ठेवला पाहिजे. हे नकाशावर आकड्यांसह काढून घ्या आणि ठेकेदाराची त्यावर सही घ्या. तोंडी सांगितलेली पातळी गवंडी बदलला की बदलते.